सातवं कडं

आमचे जावईबापू मला पहिल्या दिवसापासून पाण्यात पाहतात, आणि त्यांना पाण्यात पाहण्यात मीही काही मागे नाही. जावई दादाचे, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचे. मला मूलबाळ नाही, त्यामुळे स्वतःचा जावई नाही, एवढं एक सुख देवानं दिलंय.

हे गृहस्थ आमच्या कारखान्याची टोपी घालून स्पर्धांमधून बास मासे धरतात. बास म्हणजे मोठ्या जबड्याचा, चिडका, गोड्या पाण्यातला मासा. त्याला भुलवायला मऊ प्लॅस्टिकची गांडुळं लागतात, आणि ती आमच्याकडे मी ओतते. कारखाना म्हणजे घरामागची एक लांब खोली. एका टोकाला शेगडी, मधे माझं टेबल, दुसऱ्या टोकाला दादा बसून पाकिटं भरतो. सव्वीस वर्षांपूर्वी साचाही मीच कोरला. गांडुळाच्या अंगावरची कडी कोरताना सातव्यापाशी पटाशी घसरली, तेव्हापासून माझ्या प्रत्येक गांडुळाचं सातवं कडं जरासं तिरकं असतं. मी तेव्हा रडले होते. दादा म्हणाला होता, "राहू दे गं, माशाला कुठं मोजता येतं!"

त्याच दादानं सोमवारी सकाळी मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. रविवारच्या स्पर्धेत जावयांचे अकरा मासे सुटले होते, आणि हे महाशय कॅमेऱ्यासमोर सांगत होते, "मासा तोंड लावतो, मी ओढतो, हाती काही नाही. आमिष आहे की दगड?"

"ऐकलंस?" दादा म्हणाला. "घरचाच माणूस असं म्हणतो. मी ठरवलंय. पुढच्या महिन्यापासून तयार माल बाहेरून आणायचा. तुझ्या टेबलाच्या जागी रॅक लावू. तू आता आराम कर."

आराम कर! माझ्या हातात तापलेलं पातेलं होतं, ते मी खाली ठेवलं हे दादाचं नशीब. त्या टेबलाशिवाय माझ्याकडे आहे काय? सकाळी उठून मी जाणार कुठं?

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी म्हणाले. "माझा माल कानाच्या पाळीइतका मऊ असतो. प्रत्येक खेप मी कानाची पाळी चिमटीत धरून ताडून बघते. हात वाकडा आहे तो तुझ्या जावयाचा. मला होडीत घेऊन चला, दाखवते."

"जावयाला असं बोलतात का?" दादा घाबरून दाराकडे बघायला लागला. जावई हा दहावा ग्रह, आणि नवांची शांत करता येते पण दहाव्याची नाही, हे तो मुलीच्या लग्नापासून म्हणत आलाय.

"तूही चल. माझा माल वाईट निघाला तर टेबल मी स्वतः उचलून अंगणात ठेवते."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं तलावात. जावई पुढे रॉड घेऊन, मी मधे, दादा मागे मोटरपाशी. माल दादानं आणला होता, चार पाकिटं. जावयांनी गांडूळ गळावर चढवलं. गळाचं टोक गांडुळाच्या अंगातच लपवायचं असतं, म्हणजे ते शेवाळात अडकत नाही. मासा चावला आणि आपण ओढलं की टोक प्लॅस्टिक फाडून बाहेर येतं आणि जबड्यात रुततं. सगळा खेळ तेवढ्याच क्षणाचा.

पहिला मासा पाच मिनिटांत आला. दोरी टकटकली, आणि जावयांनी रॉड असा हिसडला की होडी डुलली. हाती काही नाही.

"बघा," ते दादाकडे वळून म्हणाले. माझ्याकडे बघण्याची तसदी कशाला?

"मी बघितलं," मी म्हणाले. "दोरीला हातभर ढील होती. तुमचा हिसडा त्या ढिलीनंच खाल्ला, माशापर्यंत पोचलाच नाही. आणि त्यानं नुसता मुका घेतला होता, तोंड मिटलं नव्हतं. इतकी कसली घाई?"

"आत्याबाई, तुम्ही आयुष्यात किती मासे धरलेत?"

"एकही नाही. पण परत आलेली फाटकी गांडुळं हजारांनी बघितलीत. कुणी कुठं चुकतो ते मला जखमेवरून कळतं." बोलता बोलता आठवलं, दोन-तीन महिन्यांत परत आलेलं एकही गांडूळ माझ्या टेबलावर आलं नव्हतं. तक्रारीच नसतील, असं मी धरून चालले होते.

"अगं, हळू," दादा मागून म्हणाला.

"हळू काय? टकटक झाली की रॉडचं टोक खाली, माशाच्या दिशेनं. रील फिरवून ढील काढायची. त्याचं वजन हाताला लागू द्यायचं. तोंड मिटेपर्यंत दम धरायचा. मग कमरेतून, बाजूला, एकदाच ओढायचं. माशी हाकलल्यासारखं नाही."

जावई लालबुंद झाले, पण ऐकावं लागलं. नाही ऐकलं तर खापर त्यांच्यावर फुटणार होतं. पुढचा मासा येताच त्यांनी टोक खाली नेलं, ढील काढली, थांबले, आणि ओढलं. काय ओढलं! मला मान्य करावं लागलं, आणि मान्य करताना दात दुखले. रॉड वाकला, पाणी फुटलं, आणि दोरी सैल पडली.

"आता?" जावयांनी दोरी गुंडाळून गांडूळ माझ्या मांडीवर टाकलं. "आता कुणाचा हात वाकडा?"

मी ते उचललं. गळाचं टोक अजून आतच होतं. एवढी ओढ बसूनही प्लॅस्टिक फाटलं नव्हतं. डाव्या हातानं मी कानाची पाळी दाबली, उजव्यानं गांडूळ. टणक. सव्वीस वर्षांत अशी खेप माझ्या हातून कधी गेली नाही, मग ही कशी गेली? मी नखानं कडी मोजायला लागले. पाच, सहा, सात.

सातवं सरळ होतं.

मी तिथंच बोंब ठोकणार होते. पण आत्ताच एका माणसाला दम धरायला शिकवलं होतं.

"काय झालं आत्याबाई? वाचा बसली?" जावई म्हणाले.

मी वळून बसले. "दादा, हा माल आपलाच ना?"

"आपलाच की."

"म्हणजे माझ्या हातचा?"

"मग आणखी कुणाचा?" तो मोटरच्या दांड्याशी चाळा करत होता.

"पाकीट कुणी भरलं?"

"मीच भरलं. तुझ्या टेबलावरून उचलून, माझ्या हातानं. देवाशपथ."

मासा चावला, तोंड मिटलं.

"मग सातवं कडं सरळ कसं?"

दादाचा हात दांड्यावरून सुटला. होडी जागच्या जागी गोल फिरायला लागली.

"माशाला मोजता येत नाही, दादा. मला येतं. बाहेरचा माल कधीपासून भरतोयस माझ्या पाकिटात?"

"तीन महिने," तो शेवटी म्हणाला. "स्वस्त पडतो, म्हणून चालतो का ते बघत होतो."

"आणि माझा?"

"खोक्यांत आहे. कारखान्यामागच्या खोलीत, कुलूप लावून."

"आणि चालला नाही तेव्हा माझं नाव पुढं केलंस?"

"तुला आधी सांगितलं असतं तर तू ऐकलं असतंस का? तुझं तोंड हे असं!"

केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि वर माझ्याच तोंडाला दोष. मला रडू येत नव्हतं, त्याला पाण्यात ढकलावंसं वाटत होतं. एप्रनच्या खिशात माझी तीन गांडुळं असतात, नेहमीच. त्यातलं एक जावयांसमोर धरलं. त्यांनी मुकाट्यानं चढवलं, फेकलं. टकटक झाली. टोक खाली, ढील काढली, थांबले, ओढलं. दोन मिनिटांत होडीत हाताएवढा बास उड्या मारत होता, आणि गळ वरच्या जबड्यात आरपार बसला होता.

जावयांनी मासा सोडवला, पाण्यात परत टाकला आणि सासऱ्यांकडे बघितलं. "अकरा मासे," ते म्हणाले. "सगळ्यांसमोर माझं हसं झालं. इथून पुढं मी फक्त ह्यांच्या टेबलावरचा माल वापरणार. दुसरा दिलात तर दुसऱ्या कारखान्याची टोपी घालून उभा राहीन."

"हो हो, जावईबापू, तुम्ही म्हणाल तसं," दादा म्हणाला. दहावा ग्रह अखेर त्याच्याच राशीला बसला. आणि ह्या माणसाच्या तोंडून माझं टेबल वाचावं! उपकार घ्यायचे ते सुद्धा असल्याकडून. ते माझ्यासाठी बोलले नाहीत, स्वतःच्या अकरा माशांसाठी बोलले, एवढंच त्यातलं बरं.

काठाशी आलो. लहानपणापासून होडीतून उतरताना दादा आधी उतरतो आणि मला हात देतो. आजही त्यानं तसाच दिला. "ये. झालं ना आता तुझ्या मनासारखं?"

मी दुसऱ्या बाजूनं उतरले. गुडघाभर पाणी होतं.

"अगं, चपला भिजल्या तुझ्या," तो मागून म्हणाला.

चिखलातून चालत काठावर गेले, आणि दादाच्या खिशातली मागच्या खोलीची किल्ली घेऊन द्या म्हणून जावयांपुढे हात केला, त्याच्यापुढे नाही.