घोंगडीतली काच

"दादा, त्या टरकाच्या पुढं काढा की गाडी! माझी कोंडा गार पडायलीय," मागे अडलेल्या लेकीला धरून बसलेली भिवराबाई ओरडली.

ड्रायव्हर भुजंगने ऐकलं, पण जीप कापसाच्या ट्रकपासून शेतभर मागेच ठेवली. जिंतूर-सेलू रस्त्यावर नवी खडी पसरली होती आणि ट्रकच्या चाकांखालून ती गोफणीतल्या दगडासारखी सुटत होती. समोरून मोटार आली की भुजंग कडेला थांबायचा आणि आतून काचेला तळहात लावून बसायचा. हाताचा आधार असला की काच तडकत नाही, असा त्याचा पक्का समज. जीप दिनकरराव डॉक्टरांच्या दवाखान्याची; तिथे सगळे त्याला 'काचवाला' म्हणून चिडवायचे.

चिडवोत बापडे. दोन वर्षांपूर्वी, चोपन्न साली, एका खड्याने याच जीपची काच फुटली होती. नवी काच मुंबईहून येईपर्यंत गाडी बाहेर काढायची नाही, असा डॉक्टरांचा हुकूम झाला आणि जीप तीन महिने छपराखाली उभी राहिली. त्याच तीन महिन्यांत गावाकडे भुजंगची बायको केवळाबाई अडली. बैलगाडी सेलूच्या वेशीत आली तेव्हा केवळात जीव नव्हता. काच फुटली की पुढच्या बाईला गाडी नाही, हे भुजंगला कोणी शिकवायला नको होतं.

कोंडाबाई कण्हत होती, ती कण्हायचीही थांबली. भुजंगने करकचून ब्रेक दाबला.

"आता थांबायलाव कशाला? मरती ना माझी लेक!"

"मावशी, तुमची घोंगडी द्या. अन् तिचं तोंड पदरानं झाका."

त्याने कापडी टप मागे लोटलं, दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या काढल्या आणि समोरची काच चौकटीसकट बॉनेटवर आडवी पाडली. वर घोंगडीच्या घड्या घालून सुंभाने आवळून बांधली.

"अन् तुमच्या डोळ्यावर काय बांधता?" भिवराबाईने विचारलं.

"ते उघडेच लागतेत, मावशी."

पटक्याचा शेव नाकातोंडावर ओढून त्याने जीप धुराळ्यात घातली. हॉर्न दाबून धरत तो ट्रकच्या चाकांशेजारून पुढे सरकू लागला. खडे खांद्यावर बसले, गालावर बसले, एक भुवईवर बसला. डोळ्यात रक्त उतरलं, तरी त्याने वेग कमी केला नाही.

दवाखान्यात नर्स पार्वतीबाईंनी कोंडाबाईला आत नेलं. भुजंगने घोंगडी सोडली, काच उभी केली, खिट्ट्या लावल्या आणि कडांवरून बोट फिरवून पाहिलं. थोड्या वेळाने आतून बाळाचं रडणं आलं आणि पाठोपाठ कोंडाबाईचं "माय गं" ऐकू आलं. तेव्हा कुठे तो पायरीवर टेकला. केवळा आठवली आणि त्याला रडू आवरेना.

पार्वतीबाई आयोडीन घेऊन बाहेर आल्या. "अगं बाई! किती लागलंय हो तुम्हाला!"

"काचंला न्हाई लागलं, बाई," भुजंग म्हणाला.

त्या टाके घालत होत्या आणि तो उघड्या राहिलेल्या एका डोळ्याने जीपकडे बघत होता.