धोंडीबाईची सावड

"धोंडीबाईंनी मृत्यूला हरवलं! किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत असा विजय कुणी पाहिला नाही!" सरपंच कमळूने माइकवर जाहीर केलं, शाल घातली आणि विजयी हातांत नारळ ठेवला. विजयी बोटांना तो कळलाच नाही. नारळ निसटला तो थेट सरपंचांच्या अंगठ्यावर.

अंगठा सुजला. सुजला म्हणून सगळं गाव बघायला गेलं. कुणी हळद नेली, कुणी नुसताच सल्ला. धोंडीबाईचं दुखणं सुजत नव्हतं, हीच त्याची खोड. केमो संपून वर्ष उलटलं, केस आले, रिपोर्ट चांगले आले. मुंबईचे डॉक्टर म्हणाले, "औषधानं नसांना मार बसलाय, वेळ लागेल." तळव्यांत निखारे, बोटांत मुंग्या, आणि पाहावं तर पाय फोटो काढून लावावेत असे. कल्याणहून मुलगा सुनिल फोनवर विचारी, "आये, बरी हायस ना?" ती म्हणे, "बरीच हाय." पुरावा काय दाखवायचा?

आवणी आली, भाताची रोपं लावायचे दिवस. तिच्या आळीतल्या बायकांची सावड होती: आज आमचे हात तुझ्या शेतात, उद्या तुझे आमच्या. यंदा बायकांनी धोंडीबाईचं भात लावून दिलं आणि बदल्यात हात मागितलेच नाहीत. गावाला ते पुण्य वाटलं. तिला कळलं, आपण सावडीतून गेलो.

म्हणून प्रमिलाच्या आवणीला ती न बोलावता हजर झाली. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आलेल्या. तेव्हापासून प्रमिलानं तिला धोंडे, आंधळे, मेले याशिवाय हाक मारली नव्हती.

"धोंडीबाई, तुमी बसा बांधावर," प्रमिला म्हणाली.

ते 'तुमी' तिला केमोच्या सुईपेक्षा जास्त टोचलं.

"बसाया मी पाव्हणी हाय?" म्हणत तिनं लुगडं खोचलं आणि ती चिखलात उतरली. गार चिखल तिच्या तळव्यांना उकळत्या तेलासारखा लागला. चिमटीत दोन काड्या आल्या की दहा, ते बोटं सांगेनात. डोळ्यांनी बघून ती रोपं खोवत गेली. मागं वळली तर निम्मी रोपं पाण्यावर तरंगत फिरायला निघालेली. सावडीतली सुरेखा वाकून ती गपचूप परत लावत होती.

"छान लावता हो," कुणीतरी म्हणालं.

धोंडीबाई ताठ उभी राहिली.

"प्रमिले! ही ओळ सुरेखानं लावली असती तर तिच्या सात पिढ्या काढल्या असत्यास. मला का नाय? मी काय मेले? दुखतंय मला. दिसत नाय, पर रोज दुखतंय. तुमी येता, बरी दिसते म्हनता, आन् जाता. नको मला तुमची दया. चालले मी!"

अशा वेळी मानानं निघून जायचं असतं. ती कमरेपर्यंत निघालीसुद्धा. खालचं काही आलं नाही. तिनं वाकून पाहिलं. गुडघ्याखाली नुसता चिखल, आणि त्यात पाय कुठं संपतो ते पायालाच ठाऊक नव्हतं.

बायका बघत होत्या. मग ती आवाज खाली आणून म्हणाली,

"प्रमिले, डावा निघालाय का आतच हाय, बघ गो जरा."