विजेच्या लॉरीचा ऑइल फिल्टर

“इलेक्ट्रिक लॉरीला ऑइल फिल्टर?” शशीने हातातला घास तसाच धरून स्क्रीनकडे बघितलं. “अगं, बसवू कुठे मी तो? ड्रायव्हरच्या मांडीवर?”

सुप्रभाने घाईघाईने शीट खाली सरकवलं, पण उशीर झाला होता. रोज साडेबाराला शशी वर्कशॉपमधून हात धुऊन तिच्या ऑफिसात डबा खायला यायचा, आणि आज नेमकं स्क्रीन बंद करायचं तिला सुचलं नव्हतं.

आताचा मालक अनुप. त्याच्या वडिलांनी इंग्लंडमधल्या लेस्टरमध्ये ही ट्रान्सपोर्ट कंपनी काढली, तेव्हा भोसरीच्या एका गॅरेजमधून शशीला वर्क परमिटवर आणलं होतं. त्याला सव्वीस वर्षं झाली. कंपनीच्या बारा डिझेल लॉऱ्यांची देखभाल शशीकडे आणि त्यांचे हिशेब त्याच्या बायकोकडे, म्हणजे सुप्रभाकडे. आता दोन लॉऱ्या थकल्या होत्या. त्यांच्या जागी पुन्हा डिझेलच्या घ्यायच्या की विजेच्या, हे शुक्रवारी ठरायचं होतं. आठ वर्षांत कुठली किती खर्च खाते, ते मांडून द्यायला अनुपने सुप्रभाला सांगितलं होतं.

“वर घे जरा,” शशी म्हणाला. “ब्रेक पॅड दर आठ महिन्यांनी? विजेच्या लॉरीत मोटरच बराचसा ब्रेक लावते. पॅड फारसे झिजतच नाहीत. आणि हे काय, डिझेल फवारायचे इंजेक्टर?” त्याला हसता हसता ठसका लागला. “सुप्रभा, तू डिझेलच्या लॉरीलाच वायर लावलीस की!”

“हसू नका,” सुप्रभा म्हणाली. पाण्याचा ग्लास मात्र तिने पुढे केला. “फिल्टरला जागा नाही ना? मग तुम्हालाही नाही. तिची किंमत दुपटीहून जास्त आहे, पण वीज स्वस्त पडते, आणि सर्व्हिसिंगचा खरा आकडा टाकला की सहाव्या वर्षी तिचा एकूण खर्च डिझेलच्या खाली येतो. आज दोन घेतील, पुढच्या वर्षी चार. वर्कशॉपला पूर्ण वेळ माणूस कशाला लागेल मग? पेन्शनला अजून सात वर्षं आहेत तुमच्या.”

शशीने डब्याचं झाकण लावलं.

“न तपासता मी कधी एका तरी लॉरीवर सही केलीय?”

“नाही.”

“मागच्या ख्रिसमसला सगळे घरी गेले आणि मी लॉरीखाली आडवा पडून ब्रेक तपासत होतो. तू चिडली होतीस.”

“अजून चिडलेय.”

“मग माझ्यासाठी तू खोटी सही करणार?”

“सही कुठेय? आकडा आहे नुसता.”

“तुझी सही म्हणजे आकडाच की गं.”

शशीने खुर्ची जवळ ओढली आणि चष्मा लावला. फिल्टर शून्य. इंजेक्टर शून्य. पॅड तीन वर्षांनी. “टायरचा खर्च मात्र वाढव,” तो म्हणाला. “बॅटरीमुळे जड असते ती, टायर खाणार. आणि खाली लिही, रात्री आपल्या यार्डात चार्ज झाली तरच हा हिशेब. मोटरवेवरच्या चार्जरला लावली तर सगळं मुसळ केरात.” तो सांगत गेला, ती टाइप करत गेली. मधेच त्याने बेसनाचा लाडू फोडून अर्धा तिच्या कीबोर्डशेजारी ठेवला.

शुक्रवारी अनुपने तिघांसाठी स्वतः चहा केला. त्याचा जन्म लेस्टरचा, आणि मराठी शब्दांचं लिंग त्याला आजवर कधी सापडलं नव्हतं.

“काकू, हा शीट फार छान झाली,” तो म्हणाला. “म्हणजे वॉटफर्डच्या रोजच्या रनला इलेक्ट्रिक चीपर, ग्लासगो लांब, तिथे अजून डिझेल. करेक्ट?”

“करेक्ट,” दोघं एकदमच म्हणाले.

अनुपने पान उलटलं आणि आवाज खाली आणला. “पण ह्याच्यात काकांचा काम कमी होते. तुम्ही बघितला ना?”

“आम्ही दोघांनी मिळून लिहिलंय,” सुप्रभा म्हणाली.

अनुपने कप बाजूला ठेवला. “काका, वीकमध्ये तीन दिवस मी नक्की देऊ शकतो. आणि हाय व्होल्टेजचा कोर्स आहे लीड्सला. फी कंपनीची. कराल?”

“मी? ह्या वयात?”

“लॉरीला कुठे वय माहीत असतो?”

शशी खळखळून हसला. लॉरीच्या वयाचा मुद्दा त्याला पटला होता.

लीड्सच्या वर्गात नऊ जण होते आणि बाकीच्या आठांचं वय मिळवूनही आपलं जास्त भरेल, असं शशी घरी येऊन सांगायचा. सुप्रभा स्वयंपाक करता करता त्याला प्रश्न विचारायची. चुकला की फोडणी थांबवून पुन्हा विचारायची. लेखी परीक्षेत तो पहिल्यांदा दोन मार्कांनी राहिला, दुसऱ्यांदा उत्तम पास झाला. सर्टिफिकेटचा फोटो फॅमिली ग्रुपवर पडला तेव्हा भोसरीच्या वहिनींनी लिहिलं, ‘अभिनंदन भावोजी, आमचा गीझर कधी बघता?’

नव्या लॉऱ्या यायच्या आधी वर्कशॉपमध्ये चार्जर बसवायचा होता. त्यासाठी लॉरीखाली उभं राहून काम करायच्या दोन खड्ड्यांपैकी मोठा खड्डा काँक्रीटने बुजवायचं ठरलं. आदल्या दिवशी संध्याकाळी पाच वाजता सुप्रभा बॅग घेऊन शशीला घरी न्यायला आली. तो खड्ड्यात उतरला होता. वरून त्याचं टक्कल तेवढं दिसत होतं. बादली, साबणाचं पाणी आणि ताठ केसांचा ब्रश घेऊन तो भिंतींवरचं सव्वीस वर्षांचं काळं तेल घासत होता.

काठावर काँक्रीटवाला कॉन्ट्रॅक्टर उभा होता. “मित्रा, उद्या सकाळी हा भरून टाकायचाय,” तो इंग्रजीत म्हणाला.

“माहीत आहे,” शशीनेही इंग्रजीतच सांगितलं.

“मग धुतोयस कशाला?”

शशीने पाठ सरळ केली आणि कोपराने कपाळ पुसलं. “असा मळका द्यायचा का?”

कॉन्ट्रॅक्टरने खांदे उडवले आणि तो आपल्या व्हॅनकडे गेला. सुप्रभाने बॅग बाकावर ठेवली, बाह्या वर केल्या आणि नळाखाली दुसरी बादली भरून खाली दिली. तळाच्या एका कोपऱ्यात सिमेंटचा मूळचा पांढुरका रंग दिसायला लागला होता.