कपाटातल्या मुलीला कोणी मारलं

‘शिंपिणीच्या कात्रीला झोप नाही’ या सिनेमात माणसं इतक्या घाऊक भावाने मरत होती की दुसऱ्या रिळानंतर एर्सिलियाला त्यांच्याबद्दल वाईट वाटेनासं झालं. पहिली बाई आंघोळीच्या टबात मरत होती, दुसरी इस्त्रीच्या टेबलावर. एका वकिलाचा कान कापला जात होता आणि पुढची वीस मिनिटं ते कोणाच्या लक्षात येत नव्हतं, वकिलाच्यासुद्धा. रक्त टोमॅटोच्या रश्शाहून लाल होतं, आणि उत्साह असा की कात्री पोटात शिरण्याआधीच ते सांडायला लागायचं.

१९७३ साली रोममध्ये जो तो नवा खुनी बाजारात आणत होता. त्या सगळ्या खुन्यांचे ट्रेलर जोडायचं काम एर्सिलिया बोनफान्ते तळघरातल्या एका खोलीत करायची. खोलीत संकलनाचं टेबल, चिकटपट्टीची रिळं आणि भिंतीवरच्या खिळ्यांना लटकणाऱ्या फितींच्या पट्ट्या. एका खिळ्यावर सगळे गळे, एका खिळ्यावर सगळे डोळे, एका खिळ्यावर नुसते दरवाजे. ऐन तारुण्यात ती या खोलीत शिरली होती आणि आता चष्म्याचे नंबर सोडले तर तिचं फारसं काही बदललं नव्हतं. नवरा कधीचाच वारला होता. टेबल होतं.

ते टेबल आता जायच्या बेतात होतं.

सिनेमाचा निर्माता कोमेन्दातोरे तादेई. कोमेन्दातोरे ही सरकारी पदवी. ती कशाबद्दल मिळाली हे त्याला स्वतःलाही सांगता येत नसे. आयुष्याची सुरुवात त्याने थिएटरात बॅटरी घेऊन लोकांना खुर्च्या दाखवण्यापासून केली होती. आता शहराबाहेरच्या वस्त्यांमधली अर्धा डझन थिएटरं त्याची होती, आणि त्यांत लावायला सिनेमे हवेत म्हणून तो सिनेमेही काढायचा. त्याचा जावई फुल्वियो मिलानोहून साबणाच्या जाहिराती शिकून आला होता. फुल्वियोचं म्हणणं, भीतीसुद्धा साबणासारखीच विकायची, भरपूर फेस काढून. त्याने नमुन्यादाखल एक ट्रेलर जोडला होता. त्यात पहिल्या क्षणापासून शेवटापर्यंत बायका किंचाळत होत्या. तो पाहून कोमेन्दातोरेचं डोकं दुखलं, पण पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. त्याने एर्सिलियाला सांगून टाकलं, की हा ट्रेलर तुम्ही करा. वस्तीतले लोक घाबरले तर ठीक, नाहीतर टेबल फुल्वियोचं आणि तुम्ही घरी बसून उन्हाला पाठ द्या.

एर्सिलिया ‘हो’ म्हणाली आणि गळ्यांच्या खिळ्याकडे वळली.

ट्रेलर कसा बांधायचा हे तिच्या हातांना ठाऊक होतं. सुरुवात सावकाश. रिकामा जिना, शिवणयंत्राचं चाक, लहान मुलींचं अंगाईगीत, एक सूर किंचित उतरलेला. खुन्याचा चेहरा नाही, फक्त हातमोजे. मग तुकडे आखूड करत जायचे. डोळा, दार, कात्री, डोळा, कात्री. खाली चेलोचा एकच जाड सूर, पोटात गुरगुरणारा. मग एकदम काळा पडदा. लोकांनी श्वास सोडला की त्याच श्वासात घाव. हे सगळं तिने केलं, आणि ते इतर सगळ्या ट्रेलरांसारखं झालं. वस्तीतल्या लोकांना हे आता पाठ होतं. काळा पडदा आला की ते मोठ्याने आकडे मोजायचे आणि घावाच्या वेळी टाळी द्यायचे.

आवाजासाठी तिने ओरेस्तेला बोलावलं. ओरेस्ते पेशाने खुनी. म्हणजे पडद्यावरच्या सगळ्या खुनांचा आवाज तो काढायचा. तो कोबीचे गड्डे, सेलरीच्या जुड्या आणि कोंबडीच्या तंगड्या घेऊन आला. सेलरी मोडली की मानेचं हाड मोडायचं. ओल्या कापडात गुंडाळलेल्या कोबीत कात्री खुपसली की बरगड्यांतून आत गेल्यासारखी वाटायची, आणि पीळ देऊन बाहेर ओढताना जो चिकट आवाज यायचा त्यासाठी तर परगावचे लोक त्याला न्यायचे. त्या दुपारी ओरेस्तेने बाह्या सरसावून एका इस्त्रीवालीला भोसकलं, वकिलाचा कान तीनदा कापला आणि एका ननच्या गुडघ्याचा चुरा केला. टेबलाखाली पानं आणि चिंध्या साचल्या. संध्याकाळी मृतांचं सूप करायला तो ते सगळं पिशवीत भरून घरी न्यायचा. त्याची बायको म्हणायची, यंदा खून चांगले आहेत, मुलांची तब्येत सुधारली.

“काय झालं?” ओरेस्तेने हात पुसत विचारलं. “चेहरा का पाडलाय?”

“कोबी उत्तम आहे,” एर्सिलिया म्हणाली. “माणसं खोटी आहेत.”

आणि ते खरंच होतं. खुनी झालेला नट खुनी वाटत नव्हता, कुठे उभं राहायचं ते विसरलेला नट वाटत होता. कपाटाच्या प्रसंगात मुलगी कपाटात लपते. खुनी आत येतो आणि सरळ, जणू आपला कोट काढायचा असल्यासारखा, कपाट उघडतो. भीती वाटायला वेळच नाही.

मग तिने टाकलेल्या फितींचा डबा उपसला. तिथे तिला ती पट्टी सापडली. कॅमेरा कपाटाच्या आत ठेवून, फळ्यांच्या फटीतून नुसती चाचणी म्हणून घेतलेली. नट हातमोजे घालून खोलीत रेंगाळत होता, पलंगाखाली काही पडलंय का ते वाकून पाहत होता. काम अजून सुरू झालं नव्हतं, म्हणून तो दाराकडे निघाला होता, दाराच्या मुठीला हात लावला होता, आणि एकदम गर्रकन वळून थेट फटीत पाहत होता. काहीतरी ऐकलेल्या माणसासारखं. ते वळणं इतकं खरं होतं की एर्सिलियाने नकळत खुर्ची मागे सरकवली.

इथे इटलीतल्या सिनेमावाल्यांची एक रीत कामाला आली होती. आवाज सगळे मागाहून भरायचे असल्यामुळे चित्रीकरणाच्या वेळी कोणी गप्प बसत नसे. सुतार ठोकत असायचे, दिग्दर्शक ओरडत असायचा, आचारी भांडी आपटत असायचा. त्या दिवशी आचाऱ्याने पास्ता तयार असल्याची हाक मारली होती. भुकेला नट वळला होता. अख्ख्या सिनेमात मनापासून केलेली तेवढीच एक गोष्ट.

एर्सिलियाने ती पट्टी टेबलावर चढवली. मग तिने मुलीचा डोळा लावला, त्यामागे फट, फटीतून खुनी पलंगाखाली वाकून पाहतोय, उठतोय, दाराकडे निघतोय. इथे तिने सगळा आवाज काढून टाकला. चेलो नाही, पावलं नाहीत, अंगाईगीत नाही. आवाजाच्या जागी सात सेकंद कोरी फीत. त्यानंतर तो वळतो.

कोमेन्दातोरे पाहायला आला तो बोलतच आला. ट्रेलर चालू असतानाही तो फुल्वियोच्या नव्या मोटारीबद्दल सांगत होता. शांतता सुरू झाली तसा तो बोलता बोलता थांबला, टेबलाला कान लावला आणि यंत्रावर थाप मारली.

“आवाज गेला.”

“गेला नाही. मी काढलाय.”

त्याने तिच्याकडे वेड लागलेल्या नातेवाइकाकडे पाहावं तसं पाहिलं. त्याचं म्हणणं साधं होतं. आपल्या थिएटरातली यंत्रं महायुद्धाच्या आधीची. आठवड्यातून एकदा तरी आवाज जातोच, आणि गेला की लोक आधी ‘आवाज’ म्हणून ओरडतात, मग चपला फेकतात, मग खुर्च्यांचे हात उपटतात. मागच्या वर्षी एका ऑपरेटरला त्याच्या खोलीतून बाहेर ओढून धुतला होता. तुम्ही मुद्दाम आवाज काढताय म्हणजे लोकांना खुर्च्या मोडायचं आमंत्रण देताय.

“ओरडू देत की,” एर्सिलिया म्हणाली.

यातलं तिला काय म्हणायचं होतं ते त्याला कळलं नाही. ओरेस्तेला मात्र कळलं. तो कोपऱ्यात सेलरी चघळत होता, ती चघळायची राहिली. कोमेन्दातोरेने शेवटी निकाल दिला, की रविवारी दुपारच्या खेळाला चेंतोचेल्ले वस्तीतल्या थिएटरात लावून पाहू, मी स्वतः बसतो. एक जरी खुर्ची मोडली तर सोमवारी खोलीची किल्ली फुल्वियोला द्या.

रविवारी थिएटर खच्चून भरलं होतं. काउबॉयचा सिनेमा होता. पहिल्या रांगेपासून शेवटपर्यंत भोपळ्याच्या बिया फोडल्याचा आवाज, सिगारेटचा धूर, बायकांच्या मांडीवर पोरं. कोमेन्दातोरे मध्यावर टोपी घालून बसला. एर्सिलिया मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिने किल्ली खिशातच ठेवली होती. मागितली तर लगेच देता यावी.

ट्रेलर सुरू झाला. जिन्याला लोक हसले. हातमोज्यांना शिट्ट्या पडल्या. इस्त्रीवाली मेली तेव्हा कोणीतरी तिचा आवाज काढून दाखवला. काळ्या पडद्याला आकडे मोजले गेले. मग कपाट आलं. मुलीचा डोळा. फट. खुनी पलंगाखाली वाकला, उठला, दाराकडे निघाला. आवाज संपला.

पहिला सेकंद कोणाच्या लक्षात आला नाही. दुसऱ्याला बिया फोडायच्या थांबल्या. खुन्याने मुठीला हात लावला. दार किंचित उघडलं. तो जात होता. कपाटात मुलगी होती आणि तिच्याबरोबर सगळं थिएटर होतं, फटीला डोळा लावून.

“आवाज!”

हे कोमेन्दातोरे ओरडला. तो स्वतः ट्रेलर पाहून आला होता, शांतता कुठे येते हे त्याला ठाऊक होतं, त्यावरून त्याने भांडणही केलं होतं. पण बॅटरी हातात घेतल्या दिवसापासून पडद्यावरचा आवाज गेला की त्याच्या घशातून हा शब्द आपोआप निघत आला होता. उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून तो पुन्हा ओरडला, “ए, आवाज!”

पडद्यावर खुनी गर्रकन वळला. त्याने सरळ फटीत पाहिलं.

हजारभर माणसं एकदम श्वास घ्यायची विसरली. कुठलंसं पोर रडायला लागलं होतं, त्याच्या आईने त्याचं तोंड दाबलं. खुनी चार पावलं आला. फळ्यांवर सावली पडली. दार उघडलं, आणि ओरेस्तेने ओल्या फडक्यातल्या कोबीत कात्री खुपसून पीळ दिला. तो आवाज पहिल्या रांगेतून शेवटच्या रांगेपर्यंत हाडांतून गेला. सिनेमाचं नाव लाल अक्षरांत आलं. टाळी कोणी दिली नाही.

“कोण ओरडला रे?” अंधारातून एक जाड आवाज आला.

“तो, टोपीवाला.”

“जात होता ना तो! मुठीला हात लावला होता त्याने!”

काउबॉय घोड्यावरून पडद्यावर आला तेव्हा त्याच्याकडे पाहायला कोणी नव्हतं. एका गवंड्याने कोमेन्दातोरेची टोपी उडवली, दुसऱ्याने त्याला कॉलरला धरून रांगेवरून ओढला. पोर कडेवर असलेली ती बाई पर्स फिरवत आली आणि तिने त्याच्या तोंडावर ती चार-पाच वेळा आपटली. “पोरीला मारलंस मेल्या, तुझ्या मेलेल्या पितरांना गाडलं ते थडगं फुटो.” कोमेन्दातोरे ओरडून सांगत होता की थिएटर माझं आहे. त्याने लोक जास्तच चिडले. नाक फुटलं, ओठ चिरला, एक दात खुर्च्यांखाली गेला. त्याचं रक्त सिनेमातल्यापेक्षा बरंच काळसर होतं आणि ते योग्य वेळी सांडलं. कोणीतरी खुर्चीचा हात उपटला, पण तो यंत्रावर फेकायला नाही. कोमेन्दातोरेच्या बरगड्यांत घालायला. पोलीस येईपर्यंत एर्सिलिया भिंतीला टेकून उभी होती. कोबी, तिच्या मनात आलं, इतका खोल आवाज देत नाही.

दवाखान्यात त्याच्या नाकात दोन बोळे कोंबले होते आणि छातीला पट्टे आवळले होते. फुल्वियो दारापाशी उभा होता. खुर्च्या मोडल्याची बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती, आणि त्याने एर्सिलियापुढे हात पसरला. तिने खिशातून किल्ली काढली.

“थांबा,” कोमेन्दातोरे खाटेवरून म्हणाला. त्याने जावयाला बाहेर जायला सांगितलं. तो गेल्यावर त्याने एर्सिलियाला जवळ बसवलं.

“सिन्योरा, एक विचारू? खरं सांगा.”

“विचारा.”

“मी ओरडलो नसतो, तर तो गेला असता का?”

एर्सिलियाने त्याच्याकडे पाहिलं. या माणसाच्या पैशाने तो कोबी आला होता. नटाला हातमोजे याने घेऊन दिले होते, मुलीला उचल याने दिली होती, आणि ती मुलगी काल संध्याकाळी कोपऱ्यावर आइसक्रीम खाताना एर्सिलियाला दिसली होती. फीत एकदा जोडली की जोडली; कोणी ओरडो वा न ओरडो, तो वळतो. हे सगळं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

“हो,” ती म्हणाली. “गेला असता.”

कोमेन्दातोरेने डोळे मिटले. तो म्हणाला की त्या शांततेला कोणी हात लावायचा नाही, फुल्वियोनेसुद्धा नाही. एर्सिलियाने किल्ली परत खिशात टाकली.

पुढच्या रविवारी तो पुन्हा थिएटरात आला. बरगड्या आवळलेल्या, नाक वांग्यासारखं. कोणी ओळखू नये म्हणून टोपी घातली नव्हती. जिना गेला, हातमोजे गेले, इस्त्रीवाली मेली. कपाट आलं तसा त्याने खिशातून रुमाल काढून स्वतःच्या तोंडात कोंबला आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. मागच्या भिंतीपासून एर्सिलिया त्याच्याकडे पाहत होती. आवाज संपला. खुनी दाराकडे निघाला. त्याने मुठीला हात लावला.

दोन रांगा पुढे फौजेतला एक शिपाई बसला होता, सुट्टीवर आलेला, खिशात बियांचा पुडा. तो मान मागे टाकून ओरडला, “आवाज!”

खुनी वळला. कोबी फाटला. नाव अजून पडद्यावर यायचं होतं, तेवढ्यात कोमेन्दातोरे तोंडातला रुमाल थुंकून दोन रांगा ओलांडून शिपायाच्या अंगावर पडला होता. त्याने त्याचे केस धरले आणि त्याचं कपाळ पुढच्या खुर्चीच्या लाकडावर आपटलं, एकदा, दोनदा, आणि रडत होता, आणि आपटताना प्रत्येक वेळी त्याला तेच सांगत होता.

“जात होता तो. मी पाहिलं. जातच होता.”