पाचव्या मजल्यावरची पेई-शान

"तिसरा लागला! आता पाचवा!"

दुपारचे तीन. च्याई शहरातल्या आमच्या रुग्णालयात तळमजल्यावर ही झुंबड उडाली होती. कोणती नर्स कोणत्या मजल्यावर आहे, ते तिच्या फोनवरून भिंतीवरच्या पडद्यावर दिसतं. पेई-शानचं नाव तिसऱ्यावर पेटलं, विझलं आणि पाचव्यावर पेटलं. आमच्या भाषेत 'चार' हा 'मरण'सारखा ऐकू येतो, म्हणून अशुभ चौथा मजला आमच्याकडे नाहीच. पेई-शानला स्कूटरच्या अपघातात जाऊन चाळीस दिवस झाले होते.

"पाहा, लेक राउंडला निघाली!" मेलेल्यांशी बोलतो म्हणवणारे च्वांग गुरुजी गरजले. "कागदाचे फोन जाळता होय तुम्ही मेलेल्यांसाठी? मी तिच्या आईने दिलेला तिचा खराखुरा फोन जाळला. पोचला की नाही वर?"

"वर रेंज बरी दिसतेय," मी पुटपुटले. कुणी हसलं नाही. मी तरी कुठली मोठी शहाणी! रुग्णालयाचं वायफाय मी सांभाळते आणि यंत्रं बिघडू नयेत म्हणून त्यांच्यावर 'शहाण्यासारखं वाग' अशा नावाच्या मक्याच्या खाऊची हिरवी पुडी ठेवते.

पुढच्याच खुर्चीत पेई-शानची आई, लो मावशी, बसल्या होत्या. महिन्याभरात निम्म्या झाल्या होत्या. गुरुजींनी त्यांच्या हृदयाच्या गोळ्या बंद करवल्या होत्या. गोळ्या जीव बांधून ठेवतात, मग शोक संपतो त्या एकोणपन्नासाव्या दिवशी लेक न्यायला कशी येणार, म्हणे!

"मावशी, गोळी घ्या हो."

"कशाला गं? शान येतेय ना मला न्यायला."

चूक माझीच होती. माणूस गेलं की त्याच दिवशी त्याचं नाव वायफायच्या यादीतून काढायचं, हा नियम. पण आमच्यात मृताचा शोक एकोणपन्नास दिवस पाळतात. नर्सेस म्हणाल्या, "ताई, तेवढे दिवस राहू दे ना तिचं नाव." ती माझी मैत्रीण होती. मी राहू दिलं.

म्हणजे तिच्या फोनला दार उघडंच होतं. आमच्या छताला जागोजागी वायफायचे डबे आहेत. नर्स बोलत बोलत चालली तर कॉल तुटू नये म्हणून मागचा डबा पुढच्याला तिची किल्ली देतो. आपलीच आहे, येऊ दे. पुढचा डबा पुन्हा ओळख विचारत बसत नाही. पण फोन मात्र डब्याजवळ असावाच लागतो. राखेला वायफाय लागत नाही.

नाव पाचव्याच्या लिफ्टजवळच्या डब्यावर होतं. मी मावशींना चाकाच्या खुर्चीत बसवून वर नेलं. मागोमाग जिन्याने गर्दी आली.

"आत्म्याचा कोप होईल!" गुरुजी धापा टाकत ओरडले.

लिफ्टपाशी त्यांची बायको पेरूंची पिशवी घेऊन उभी होती. मी पेई-शानचा नंबर लावला.

पिशवीतून आवाज आला. मावशींचाच. "शान, जेवलीस का गं?" लेकीने आईचा आवाज रिंगटोनला लावला होता.

"आत्मा... पेरूत शिरलाय!" गुरुजी म्हणाले.

"मग खा की तो पेरू!" एक म्हातारा रुग्ण खेकसला.

फोन पेरूंखालीच होता. तो मी बाहेर काढेपर्यंत नवराबायको जिन्याने पसार झाली.

"म्हणजे ती येत नव्हती?" मावशींनी विचारलं.

"नाही, मावशी."

"एकदासुद्धा नाही?"

"नाही."

त्या रडल्या नाहीत. मी रडले. त्यांची लेक दुसऱ्यांदा गेली होती, आणि या वेळी ते माझ्या हातून घडलं होतं.

"एकदा परत वाजव," त्या म्हणाल्या. मी वाजवला. स्वतःचाच आवाज त्यांनी शेवटपर्यंत ऐकला. मग म्हणाल्या, "काढ आता नाव." मी माझ्या फोनवरच्या बटणावर बोट ठेवलं, पण दाबवेना. त्यांनी माझ्या बोटावर आपलं बोट ठेवून दाबलं. मग गोळीसाठी हात पुढे केला.

ते डबे निदान पहिल्यांदा तरी ओळख विचारतात. आम्ही शे-दीडशे शिकलेल्या माणसांनी तेवढंही केलं नाही. शेजारच्याने मानलं म्हणून मानलं. मी एवढंच सांगते: तुमचं गेलेलं माणूस कुणी परत आणून दाखवलं तर खुशाल रडा, पण रडता रडता दाखवणाऱ्याची पिशवी उघडून बघा.