शेठच्या टाकीतला काळा स्पंज

मी एक जुना, काळाकुट्ट स्पंज आहे. लगेच नाकं मुरडू नका, मित्रांनो! माशांच्या टाकीतल्या फिल्टरमध्ये बसून मी पाणी गाळतो, आणि हा काळेपणाच माझी कमाई आहे.

२०१४ साली हरिश्चंद्रकाकांनी मला डहाणू रोडच्या एका दुकानातून मसोलीच्या घरी आणलं, तेव्हा मी पांढराशुभ्र होतो आणि, खरं सांगू का, अगदी निरुपयोगी होतो. सोबत पिशवीत एक चिमुकला गोल्डफिश होता. त्याचं पोट बघून काकांनी त्याचं नाव ठेवलं शेठ. लेक भाविका लग्न होऊन वापीला गेली होती, घर खायला उठत होतं, म्हणून हा पाहुणा.

हळूहळू माझ्या भोकाभोकांत डोळ्यांना न दिसणारे जंतू राहायला आले. जंतू म्हटलं की तुम्ही हात धुवायला पळाल! पण हे भले जंतू. मासा ज्या पाण्यात खातो त्याच पाण्यात घाण करतो, आणि त्या घाणीतून विष तयार होतं. हे जंतू ते विष फस्त करतात. मी नुसतं त्यांचं घर.

काकांना हे ठाऊक होतं. मी तुंबलो की ते टाकीतलंच थोडं पाणी बादलीत काढायचे, मला त्यात हलकेच पिळायचे आणि काळाच्या काळा परत बसवायचे. ते गढूळ पाणी चिकूच्या झाडाला जायचं. रंभाकाकूंना मात्र माझी शिसारी.

"अहो, साबण लावा की त्याला! शी, काय तो अवतार!"

"तुला नाही कळायचं गो," काका हसायचे. बस्स, एवढंच. का लावायचा नाही, ते त्यांनी कधी समजावून सांगितलं नाही. सांगितलं असतं तर!

२०१९ साली एका दुपारी काका चिकू उतरवून आले, छातीत दुखतंय म्हणाले आणि गेले. दुसऱ्या सकाळी शेठ काचेला तोंड लावून उभा. रोज त्या वेळी काका चहाचा कप घेऊन यायचे ना! काकू त्याच्यासमोर बसल्या आणि हमसून हमसून रडल्या. मग रोजच बसू लागल्या. "आता तू आणि मीच रे बाबा," म्हणायच्या.

सुतक फिटलं. त्या दिवशी अख्खं घर धुऊन काढायची इथली रीत. अंथरुणं, पडदे, भांडी, सगळं अंगणात आलं. ह्यांच्या जिवाभावाची वस्तू तेवढी घाणेरडी कशी ठेवायची, असं काकूंना वाटलं. शेठ घाबरेल म्हणून टाकीतलं पाणी हलवलं नाही, मला तेवढं काढलं. साबणाने चोळलं, नळाखाली धरलं, पुन्हा चोळलं, फेसाचा मागमूस ठेवला नाही. मग दिवसभर कडक उन्हात दोरीवर. किती मायेने केलं हो! आणि माझी सगळी वस्ती मेली.

"बघा, कसा लख्ख निघाला," त्या काकांच्या फोटोला म्हणाल्या.

थोड्याच दिवसांत पाणी दुधाळ झालं. शेठ वर येऊन धापा टाकू लागला. भूक लागली असेल म्हणून काकू खाऊ टाकत राहिल्या. तो कुजला, विष आणखी वाढलं. मी पाणी गाळत होतो, पण रिकामा स्पंज काय करणार? एका सकाळी शेठ आडवा होऊन तरंगत होता.

"ह्यांच्या मागे गेला गो," काकू शेजारच्या सुषमाला सांगत होत्या. "मुक्या जिवाने माया राखली. माझ्यापाशी नाही राहिला."

नाही हो काकू, नाही! तो राहणार होता. ओरडून सांगावंसं वाटत होतं मला.

टाकी काही त्यांनी काढली नाही. मोटारीची घरघर सोबतीला हवी म्हणून ती चालूच ठेवली. त्या कुजक्या पाण्यातून काही जंतू पुन्हा माझ्यात राहायला आले, एका माशापुरते तरी. मी परत काळा पडलो.

आणि आज भाविका वापीहून नवा गोल्डफिश घेऊन आली आहे. कितीतरी दिवसांनी काकू हसल्या. "थांब गं, आधी त्याचं घर स्वच्छ करते," म्हणाल्या, आणि मला उचलून मोरीवर निघाल्या. हाही गेला तर त्या पुन्हा कुणाला जीव लावतील असं मला वाटत नाही.

मित्रांनो, मला तोंड नाही. धावा, काकूंना सांगा, साबण नको, नळ नको, टाकीतल्याच पाण्यात हलकेच पिळा. पण शेठचं मात्र सांगू नका हं. तो काकांच्या मागे गेला, असंच राहू द्या.