खड्डा, डावीकडे!

सायकलवर घाट उतरताना पुढच्याने ओरडायचं आणि मागच्यांनी ऐकायचं, एवढाच काय तो त्यांचा कायदा. "खड्डा, डावीकडे!" म्हटलं की उजवीकडे सरकायचं, "उजवीकडे!" म्हटलं की डावीकडे, आणि "मधोमध!" म्हटलं की ज्याला जिथे जमेल तिथे. का, कशाला, किती मोठा, असले प्रश्न खाली पोचल्यावर. पुढच्याच्या चाकामागे हातभर अंतरावर सुसाट उतरताना मागच्याला रस्ता दिसतच नाही, दिसते ती पुढच्याची पाठ. त्या पाठीवर जीव सोपवायचा असतो.

सतरा वर्षं ती पाठ कुलूपवाल्याची होती. गल्लीच्या तोंडाशी त्याचं किल्ल्या-कुलपांचं टीचभर दुकान, पण रविवार उजाडला की तो कॅप्टन व्हायचा. त्याच्या मागे सिस्टर, म्हणजे मोठ्या दवाखान्यातली नर्स. तिच्या मागे बेकरीवाला, ज्याचं तोंड पायांपेक्षा जास्त चालायचं. तिघंही चाळिशी ओलांडलेले, आणि तिघांच्याही घरच्यांनी कधीच हात टेकलेले.

दीड वर्षापूर्वी डोळ्यांच्या डॉक्टरांनी कुलूपवाल्याला सांगितलं होतं, "कडेचं दिसत राहील. मधलं हळूहळू जाईल." आणि तसंच झालं. ज्याच्याकडे सरळ बघावं तेच नेमकं गायब! समोरच्याचं नाक, दाराची कडी, रस्त्यातला खड्डा. मान तिरकी केली की डोळ्याच्या कोपऱ्यातून काहीतरी हाती लागायचं, तेवढंच. दुकानात कुणाला पत्ता लागला नाही, कारण कुलपं त्याची बोटं उघडायची, तिथे डोळ्यांना कोण विचारतं? बायकोला सांगितलं नाही, कारण तिने सायकलला कुलूप ठोकलं असतं. ते त्याने दोन मिनिटांत उघडलं असतं ही गोष्ट वेगळी. पण तिच्या डोळ्यांदेखत कसं उघडणार?

आणि मित्रांना तर सांगायचा प्रश्नच नव्हता. सहा दिवस लोक दुकानात येत, किल्ली घेत, मान वर न करता निघून जात. सातव्या दिवशी दोन माणसं त्याच्या एका हाकेवर वळायची. ते गेलं तर मागे उरतं काय?

म्हणून पठ्ठ्याने युक्ती काढली. दर शनिवारी दुपारी "भावाकडे जाऊन येतो" सांगून तो बसने घाटमाथ्यावर जायचा आणि सगळा घाट पायी उतरायचा. मान तिरकी करून, कधी बुटाचं टोक घालून एकेक खड्डा चाचपायचा. कितव्या वळणावर, कुठल्या बाजूला, दगडापासून किती पावलांवर, सगळं जाड अक्षरात कागदावर. रात्री ती यादी शाळकरी पोरासारखी घोकायची आणि रविवारी घडाघडा म्हणून दाखवायची. बेकरीवाला म्हणायचा, "कॅप्टनची नजर म्हणजे घारीची!" कुलूपवाला नुसता हसायचा. ते हसू त्याला स्वतःलाच टोचायचं.

त्या शनिवारी मात्र घोळ झाला. एका आजोबांनी स्वतःला न्हाणीघरात कोंडून घेतलं आणि कुलूप असं काही अडकलं की दार खोलण्यात दुपार गेली. बस चुकली. जाऊ दे, त्याने मनाची समजूत घातली, एका आठवड्यात घाट काय पळून जाणार आहे?

रविवारी चढ छान झाला. माथ्यावर पाणी पिऊन तिघं उतरायला लागले. पहिलं वळण, दुसरं, तिसरं, यादी बिनचूक चालली होती. पाचव्या वळणानंतर पांढरा दगड डोळ्याच्या कोपऱ्यातून सरकला, त्याने पाच मोजले आणि ओरडला, "खड्डा, डावीकडे!"

तिघंही उजवीकडे सरकले. त्याच क्षणी वळणावरून ट्रक वर आला.

कुलूपवाला निसटला. मागून खर्रकन आवाज आला, मग ब्रेकची किंकाळी, मग बेकरीवाल्याची शिवी. त्याने सायकल टाकली आणि धावत मागे आला. सिस्टर उभी होती. ट्रकने तिचं हँडल घासलं होतं, हातमोजा फाटून मुठीवरून रक्त ओघळत होतं. बस, तेवढंच. वीतभर इकडे तिकडे झालं असतं तर तेवढ्यावर भागलं नसतं.

बेकरीवाला रस्त्याकडे बघत होता. "कॅप्टन, अहो खड्डा कुठाय? बुजवला की त्याला! डांबर बघा कसं काळं कुळकुळीत आहे. गेलेल्या खड्ड्याला कसल्या हाका मारताय?" तो हसायला लागला, सिस्टरचा चेहरा दिसला आणि गप्प झाला.

सिस्टर शांतपणे म्हणाली, "कॅप्टन, माझ्याकडे बघा."

सवयीने त्याची मान तिरकी झाली.

"तिरकं नको. सरळ."

त्याने सरळ बघितलं. तिचा चेहरा तिथे नव्हता. एक कान होता, हेल्मेटचा पट्टा होता, आणि खाली लाल झालेली मूठ. थाप मारायला शब्द जिभेवर तयार होते. दीड वर्ष तेच तर केलं होतं. पण त्या मुठीपुढे ते बाहेर येईनात.

"नाही दिसत," तो म्हणाला.

"कधीपासून?"

"दीड वर्ष." त्याने खिशातून यादी काढून तिच्या हातात दिली. सिस्टरने वाचली, बेकरीवाल्याने तिच्या खांद्यावरून वाचली आणि मटकन कठड्यावर बसला.

"मला दोन पोरं आहेत, कॅप्टन," सिस्टर म्हणाली. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "तुमच्या मागे यायचं की नाही, ते मला ठरवू द्यायचं होतं."

त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्याने सायकल उचलली. "तुम्ही व्हा पुढे. मी चालत येतो."

"त्या सायकलच्या कडक बुटांत? नऊ किलोमीटर?" सिस्टरने रुमाल मुठीला गुंडाळला. "माझ्या मागे या. ब्रेकवर हात ठेवून, सावकाश. मी सांगेन तसं वळायचं."

मग तिघं उतरले, पण क्रम बदलून: सिस्टर पुढे, कुलूपवाला मधे, बेकरीवाला मागे. कुलूपवाल्याला डोळ्याच्या कडेला तिचं पिवळं जॅकेट दिसत होतं, बाकी सगळं कानावर. आठव्या वळणाला यादीत खड्डा उजवीकडे होता. सिस्टर ओरडली, "खड्डा, डावीकडे!" त्याचे हात हँडलवर आखडले. यादी पाठ होती, आणि खात्रीची! पण खात्री तर त्या पांढऱ्या दगडापाशीही होती. तो उजवीकडे सरकला. डाव्या बाजूला खड्ड्याची काळी कड सरकून गेली. उजवीकडे चाकाखाली सपाट, नवं डांबर होतं.

दुसऱ्याच्या हाकेवर वळणं किती अवघड असतं, हे त्याला सतरा वर्षांत पहिल्यांदा कळलं. ही दोघं ते दर रविवारी करत होती, आणि तो त्यांना गृहीत धरत होता.

तेवढ्यात मागून धप्प आवाज आला. "अहो कॅप्टन!" बेकरीवाला कळवळला. "मधल्याने हाक मागे द्यायची असते! मी काय अंतर्ज्ञानी आहे?"

पुढच्या हाकेला कुलूपवाल्याने घसा ताणून आवाज मागे दिला. त्याच्या पुढच्या हाकेलाही. घाट संपेपर्यंत एकही सुटली नाही. खाली पोचल्यावर सिस्टरने यादीची घडी करून स्वतःच्या खिशात टाकली. परत दिली नाही, आणि त्याने मागितली नाही.

घरी दार उघडंच होतं. बायको टेबलाशी बसून कपड्यांच्या घड्या करत होती.

"मला काहीतरी सांगायचंय," तो उंबऱ्यातूनच म्हणाला.

"भावाकडचं?" तिने विचारलं. "भावोजी महिन्यापूर्वी इथे येऊन गेले. शनिवारी दुपारीच. तुम्ही दिसला नाहीत म्हणून त्यांना नवल वाटलं. मी चहा पाजून पाठवून दिलं."

"मग तू काही बोलली का नाहीस?"

"वाट बघत होते. रात्री खड्डे घोकत बसता, तेही ऐकत होते." तिने घडी बाजूला ठेवली आणि समोरची खुर्ची ओढली. तिचा आवाज हसरा होता. "सांगा आता. खड्डा कुठल्या बाजूला आहे? डावीकडे की उजवीकडे?"

तो बसला. तिच्याकडे सरळ बघितलं, अगदी सरळ, आणि तिचा चेहरा नाहीसा झाला.

"मधोमध," तो म्हणाला.